कोवळ्या मिरवेलाची छाटणी : एका जुन्या रीतीचा इतिहास



मृगात लावलेला मिरीचा छाट दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पोफळीवर पुरुषभर उंच चढतो. हिरवागार, टवटवीत. बघूनच मन भरते. अशा वेळी बागायतदाराला सांगावे की, "आता हा वेल खाली उतरवा, नाहीतर त्याचा शेंडा खुडा," तर तो आपल्याकडे बघतच राहतो. "अहो, वर्षभर पाणी घातलं, झावळ्यांची सावली केली, गुरांपासून राखला, आणि आता कापू? हात धजत नाही."

हात धजत नाही हे खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. वाढत्या रोपाला कात्री लावणे कोणालाच सुखाचे वाटत नाही. परंतु ही रीत काही कालपरवा कचेरीत बसून कोणी काढलेली नाही. ती निदान अडीचशे वर्षांची तरी आहे, आणि ती शेतकऱ्यांनीच शोधून काढलेली आहे. शास्त्रज्ञ मागाहून आले आणि ती बरोबर का, एवढे त्यांनी सांगितले. ही रीत कुठून आली, कोणी सांभाळली, कोणी बिघडवली, हे कळले तर हात थोडा धजेल, म्हणून हे पत्रक.

वर फळ, खाली दांडा

आधी नुकसान काय होते ते पाहू. पंधरा-वीस वर्षांचा, न छाटलेला मिरवेल आपल्या कोणत्याही जुन्या वाडीत बघा. खाली पाच-सहा फूट नुसता दांडा. पाने विरळ, घोस नाहीत. सगळा पसारा वर. मिरी काढायची तर शिडी पाहिजे, शिडीवर चढणारा माणूस पाहिजे, आणि तो मिळाला तर त्याची मजुरी पाहिजे. आजकाल पोफळीवर चढणारा माणूस किती मुश्किलीने मिळतो हे तुम्हाला सांगायला नको. वरचे घोस काढायचे राहतात, पिकतात, पाखरे खातात, खाली गळतात. म्हणजे झाडावर पीक असूनही घरात येत नाही.

हे का होते हे कळण्यासाठी वेलाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

मिरीच्या वेलाला मुख्यतः तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. पहिली, बुडातून निघून जमिनीवर सरपटत जाणारी. हिच्या पेरापेराला मुळ्या फुटतात. रोपांसाठी आपण बहुधा हिचेच छाट घेतो. दुसरी, आधाराच्या झाडाला मुळ्यांनी चिकटून सरळ वर चढणारी, म्हणजे उभा वेल. तिसरी, उभ्या वेलाच्या पेरातून आडवी निघणारी फळफांदी. मिरीचे घोस धरतात ते फक्त या तिसऱ्या फांदीवर. सरपटत्या फांदीपासून केलेले रोप झाडावर चढू लागले म्हणजे सुरुवातीच्या बऱ्याच पेरांना फळफांदी येतच नाही. वेल आधी उंची गाठतो आणि मग फळाचा विचार करतो. खालची पेरे एकदा रिकामी राहिली की ती जन्मभर रिकामी राहतात. आपण काही केले नाही तर वेल आपल्या स्वभावाप्रमाणे उजेडाकडे जाणार, आणि फळ वर नेणार.

जंगलात त्याला हेच करावे लागते. जंगलातला वेल पाखरांसाठी फळतो, त्याला माणसाच्या शिडीची काळजी नाही.

मिरी घाटातली, गिऱ्हाईक साऱ्या जगाचे

मिरी ही आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ओल्या रानातली. तिथे ती आजही रानटी सापडते. तिथून ती परसात आली, फणस, आंबा, पांगारा, पोफळ असे जे झाड हाताशी असेल त्यावर चढली. मलबारात पिकलेली मिरी दोन हजार वर्षांपूर्वी रोमला जात होती. इसवी सन ४०८ मध्ये अलारिक नावाच्या गॉथ राजाने रोम शहराला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवण्यासाठी त्याने सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी मागून घेतली. इतकी तिची किंमत.

आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगिजांमागून, अमेरिकेतून. तोवर स्वयंपाकाचा तिखटपणा मिरी, आले, पिंपळी यांचाच होता. मिरची हे नावसुद्धा मिरीवरूनच पडले. १४९८ साली वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यावर उतरला तो याच मालासाठी. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. कारवारच्या खाली गेरसप्पा येथे सोळाव्या शतकात चेन्नभैरादेवी ही राणी राज्य करीत होती. तिच्या मुलखातून इतकी मिरी जाई की पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत.

पुढे डच आले. त्यांचा मलबारचा सुभेदार व्हान ऱ्हेडे याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला, आणि त्यात मिरवेलाचे चित्र व वर्णन आहे. या कामात मलबारी वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीनचे तीन कोकणी पंडित होते. ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांची कोकणी भाषेतली, नागरी लिपीतली साक्ष छापलेली आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी मिरीची ओळख परक्यांना करून दिली, ती अशी.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. इतक्या गिऱ्हाइकांनी मिरी नेली, तिच्यासाठी लढाया केल्या, पण वेल कसा वाढवावा याची फिकीर त्यांना फारशी नव्हती. त्यांना वजन आणि भाव पाहिजे होता. वेल जपण्याची अक्कल राहिली ती परसातल्या माणसाकडे.

आर्द्राची गोष्ट

केरळात एक गोष्ट अजून सांगतात. पोर्तुगिजांनी मिरीची रोपे आपल्या देशी नेण्याचे ठरवले. दरबारी मंडळी घाबरली, सामुद्री राजाच्या कानावर बातमी घातली. राजा शांतपणे म्हणाला की, वेल नेतील, पण आपला आर्द्राचा पाऊस कसा नेतील? ही गोष्ट खरी घडली की नाही हे सोडून द्या. पण तिथल्या शेतकऱ्याला काय ठाऊक होते ते तीतून कळते. आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाऊस संथ आणि सतत असतो. मिरीचा छाट मातीत धरायला याहून चांगला काळ नाही. आपल्याकडेही मृग सुरू करतो आणि आर्द्रा जमवतो. नक्षत्र तेच, घाट तोच.

पण गोष्टीतला राजा एका बाबतीत चुकला म्हणायचा. पाऊस नेता आला नाही तरी, जिथे पाऊस आधीच होता तिथे मिरी फार पूर्वी पोचली होती. सुमात्रा, जावा या बेटांत ती रुजली होती. आणि कोवळ्या वेलाला वळण कसे लावायचे याची सर्वांत सविस्तर जुनी हकिकत आपल्याला मिळते ती सुमात्रातून.

सुमात्रात वेल उलटा वळवला

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला १६८२ मध्ये जावातील बांतामची वखार सोडावी लागली. मग १६८५ च्या सुमारास तिने सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बेंकूलेन येथे ठाणे केले. कशासाठी? मिरीसाठीच. या ठाण्यावर १७७१ ते १७७९ पर्यंत विल्यम मार्सडन नावाचा एक तरुण कारकून होता. पुढे १७८३ साली त्याने सुमात्राचा इतिहास लिहिला. त्यात मिरीच्या बागेचे वर्णन इतके बारकाईने केले आहे की आजच्या बागायतदारानेही ते ऐकावे.

तिथले लोक सहा-सहा फुटांवर मिरी लावीत. आधाराला झाड असे ते पांगाऱ्याच्याच जातीचे. फांदी मातीत खोचली की जगते, हा पांगाऱ्याचा गुण तुम्हाला माहीत आहे. वेल त्यावर चढू देत. दीड वर्षाने म्हणा, तीन वर्षांनी म्हणा, जिथे जशी चाल असेल त्याप्रमाणे, तो वेल जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर कापत. उरलेला भाग आधारापासून हलकेच सोडवीत, वाकवून मातीत पुरीत, आणि त्याचे टोक पुन्हा बुडापाशी वर काढीत. मार्सडन लिहितो त्याचा मतलब असा की, असे केल्याने वेलाला जणू नवा पाया मिळतो व तो भरपूर फळतो. नाहीतर तो नुसता लाकूड होऊन वर पळतो.

बघा, हीच आपली आजची "वेल उतरवण्याची" रीत. आणि आधाराच्या झाडाच्या फांद्याही ते लोक तोडीत, वेलाला उजेड मिळावा म्हणून. कोणत्या विद्यापीठाने त्यांना शिकवले होते? वेलाच्या खालच्या रिकाम्या पेरांकडे बघून बघून ते शिकले. जे दांडे वर रिकामे राहणार, ते मातीत घातले तर तिथे मुळ्या फुटतील, हा हिशेब त्यांनी केला. तोट्याची पेरे त्यांनी मुळांच्या कामाला लावली.

पण या हकिकतीची दुसरी बाजू दुःखाची आहे. ही बाग शेतकऱ्याने आपल्या खुशीने केलेली नव्हती. कंपनीचा दंडक होता की प्रत्येक कुटुंबाने एक हजार वेल लावलेच पाहिजेत, आणि लग्न न झालेल्या जवानाने पाचशे. मिरी कंपनीलाच द्यायची, आणि भाव कंपनी ठरवणार. आता तुम्हीच सांगा, जिथे वेल मोजून घेतले जातात पण दाम आपल्या हातात नाही, तिथे कोणाचा जीव वेलावर बसेल? वेल उतरवला तर वर्षभर पीक नाही. ते वर्ष शेतकऱ्याने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन काढायचे, आणि पुढे वाढलेले पीक दुसऱ्याने न्यायचे. सक्तीच्या बागांची हेळसांड होई, आणि कंपनीला हे ठाणे कायम तोट्याचेच राहिले. अखेर १८१८ मध्ये तिथे आलेल्या रॅफल्स साहेबाने ही सक्ती उठवली. सहा वर्षांनी, १८२४ च्या तहात, ते ठाणे डचांकडे गेले.

याचा अर्थ एवढाच की छाटणी म्हणजे उद्याच्या पिकासाठी आज सोसलेला तोटा. तो तोटा सोसायला माणूस तेव्हाच तयार होतो, जेव्हा वेल त्याचा स्वतःचा असतो. तुमच्या वाडीतला वेल तुमचा आहे. म्हणून ही रीत तुम्हाला साधेल, ती कंपनीला साधली नाही.

सारावाकच्या मळ्यातली सुरी

दुसरी मोठी शाळा झाली ती चिनी मळेवाल्यांची. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर आणि जोहोर भागात चिनी लोक गांबीर आणि मिरी ही दोन पिके जोडीने घेत. गांबीरची पाने उकळून त्यापासून काताचा एक प्रकार काढत, आणि उकळलेला चोथा मिरीच्या बुडाशी घालीत. उकळण्याला सरपण लागे, म्हणून रान तोडीत. पंधरा-वीस वर्षांत जमीन थकली की मळा टाकून पुढे जात. १८७० च्या दशकात बोर्निओ बेटावरील सारावाकचा राजा चार्ल्स ब्रूक याने अशा मळेवाल्यांना सवलती देऊन आपल्या मुलखात बोलावले.

सारावाकात वेल जिवंत झाडावर चढवत नसत. तिथल्या अतिशय टणक लाकडाचे खांब रोवून त्यांवर वेल वाढवीत. खांबाला ना पाने ना सावली. सगळा उजेड वेलाला. आणि छाट घेत ते सरपटत्या फांदीचे नव्हे, तर चढत्या वेलाचे. अशा वेलाला फळफांद्या लवकर धरतात, म्हणून तो पुरण्याची गरज नसे. त्याऐवजी ते सुरी वापरीत. रोप जरा उंच झाले की पहिल्याच वर्षात बुडाशी थोडी पेरे ठेवून शेंडा कापीत. खालच्या डोळ्यांतून नवे कोंब फुटत. त्यांतले तीन जोरदार कोंब ठेवून खांबाच्या तीन बाजूंनी बांधीत, बाकीचे काढून टाकीत. हे तीन वाढले की पुन्हा त्यांचे शेंडे कापीत. असे टप्प्याटप्प्याने, वेल खांबाच्या माथ्याला पोचेपर्यंत. मधल्या काळात आलेला फुलोरासुद्धा खुडून टाकीत. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वेल बुडापासून माथ्यापर्यंत भरगच्च, एखाद्या हिरव्या कणगीसारखा दिसे, आणि मगच पीक घेत.

या रीतीने वेलामागे उत्पन्न फार मोठे येई. पण ती डोळे मिटून उचलण्यासारखी नाही. तिला खत भरपूर लागे. ते लोक भाजलेली माती, पेंड, मासळीची कुटी असे काय काय घालीत. जमीन तणमुक्त ठेवीत, त्यामुळे उतारावरची माती धुपून जाई. खांबांसाठी जंगल तुटे ते वेगळेच. आपल्या वाडीत आधार जिवंत आहे, पाला जमिनीवर पडतो, पावसाचा मारा झाडे झेलतात. तेव्हा त्यांची सुरी घ्यावी, त्यांचा खांब घेऊ नये.

शेंड्याची हुकमत

शेंडा खुडला की खालून का फुटते? तुळशीची मंजिरी खुडली की तुळस पसरते, हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. झेंडूचा शेंडा मोडला की झुडूप भरते, हेही आपण बघतो. पण याचे कारण कळायला विसावे शतक उजाडले.

१८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवले की कोवळ्या गवताच्या कोंबाचे टोक उजेड ओळखते आणि काहीतरी निरोप खाली पाठवते. हा निरोप म्हणजे एक रस आहे हे हॉलंडच्या फ्रिट्स वेंट याने १९२८ च्या सुमारास सिद्ध केले. त्या रसाला ऑक्सिन म्हणतात. मग १९३३-३४ मध्ये अमेरिकेत थिमन आणि स्कूग यांनी एका शेंगवर्गी रोपाचे शेंडे कापले. बाजूचे डोळे लगेच जागे झाले. दुसऱ्या रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्सिन लावले, तर डोळे झोपूनच राहिले. म्हणजे शेंड्यातून खाली उतरणारा हा रसच बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. अलीकडच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली आहे. शेंडा पानांत तयार झालेली साखर आपल्याकडे ओढून घेतो. तो काढला की ती साखर खालच्या डोळ्यांना मिळते.

शेंडा खुडणे म्हणजे वेलाला जखम करणे एवढेच नव्हे. एकट्याच्या हातातली सत्ता काढून चौघांत वाटून देणे आहे. सुमात्राच्या शेतकऱ्याने केले ते हेच, आणि चिनी मळेवाल्याने केले तेही हेच.

तळिपरंबा ते पन्नियूर

आता आपल्या देशाकडे येऊ. १८००-०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन हा डॉक्टर म्हैसूर, कानडा आणि मलबार फिरला, आणि १८०७ मध्ये त्याचे प्रवासवर्णन तीन खंडांत प्रसिद्ध झाले. शिरसीजवळच्या सोंदे भागात त्याने पोफळीवर मिरी, खाली वेलदोडा आणि नागवेल अशा हव्यक ब्राह्मणांच्या बागा पाहिल्या. आपल्या सिंधुदुर्गातल्या वाड्या आणि गोव्यातली कुळागरे याच घरातली.

परंतु मलबारात वेलांवर मर पडू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वायनाडात वेल पटापट वाळत असल्याच्या तक्रारी झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बर यांनी त्याची पाहणी केली आणि तळिपरंबा येथे मिरीचे सरकारी क्षेत्र उभे राहिले. त्याच भागात, कन्नूर जिल्ह्यातील पन्नियूर येथे, १९५० च्या दशकात मिरी संशोधन केंद्र निघाले. उतिरनकोट्टा आणि चेरियकणियकाडन या दोन गावठी जातींच्या संकरातून तिथे जी जात तयार झाली ती पन्नियूर-१. मिरीची ही जगातली पहिली संकरित जात. ती १९७१ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. घोस लांब, दाणा मोठा, पीक चांगले. मात्र दाट सावलीत ती रुसते. म्हणून पन्नियूर-१ लावणाऱ्याने आधाराच्या झाडाच्या फांद्या पावसाच्या तोंडावर विरळ केल्याच पाहिजेत.

१९७५ मध्ये कालिकत येथे मसाला पिकांचे केंद्र सुरू झाले. १९९५ पासून ते भारतीय मसाला पीक संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. एक वर्षाचा वेल उतरवला की फळफांद्या जास्त येतात, ही शिफारस या संस्थेनेही केलेली आहे. शेंडा खुडण्याचा उपयोग रोपे वाढवण्यातही झाला. श्रीलंकेतून आलेल्या रीतीप्रमाणे उभ्या चिरलेल्या बांबूत माती-खत भरून तो तिरका ठेवतात, आणि त्यातून वेल चढवतात. प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात. वेल माथ्याला पोचला की खाली तीन पेरे सोडून खाच देतात आणि शेंडा चेचतात. आठ-दहा दिवसांत पेरापेराचे डोळे फुगतात. मग खाचेशी वेल कापून एकेका पेराचे रोप करतात. इथेही तीच युक्ती आहे, शेंड्याची हुकमत मोडायची.

आणि फळफांदीचाच छाट मुळावून लावला तर तो चढतच नाही. त्याचे कुंडीत मावेल एवढे झुडूप होते. त्यालाच बुश मिरी म्हणतात. परसदार नाही त्यानेही ओसरीवर घरापुरती मिरी घ्यावी.

कात्रीची दुसरी बाजू

छाटणी फक्त आकारासाठी नसते. मर रोगाचे मूळ काय याचा उलगडा आधी सुमात्रात झाला. १९३६ मध्ये म्युलर या शास्त्रज्ञाने दाखवले की फायटोफ्थोरा नावाची बुरशी ही मर आणते. ती मातीत राहते. पावसाचा थेंब जमिनीवर आपटला की मातीबरोबर उडून खालच्या पानांवर बसते. सरपटत्या फांद्या तर मातीवरच लोळतात. त्यांच्या कोवळ्या पानांवर पहिले काळे डाग पडतात आणि तिथून रोग वर चढतो.

म्हणून पावसाळा सुरू होण्याआधी बुडाच्या सरपटत्या फांद्या कापून काढाव्यात, किंवा उचलून आधाराला बांधाव्यात. हे काम एका वेलाला पाच मिनिटांचे आहे. ते न केल्याने पंधरा वर्षांचा वेल पंधरा दिवसांत जातो.

आपल्या वाडीत काय करावे

इतिहास ऐकला. आता तो कामाला लावू.

छाट मृग-आर्द्रात आधाराच्या झाडापासून फूटभर अंतरावर, शक्यतो उत्तरेच्या बाजूला लावावा. वाढेल तसा सैल बांधत जावे. पहिला उन्हाळा सावली व पाणी द्यावे. पहिल्या वर्षी त्याला चढू द्यावे, त्यात लुडबूड करू नये.

दुसऱ्या वर्षी पाऊस स्थिरावला की वेल पाहावा. खालची पेरे रिकामी असतील तर दोऱ्या सोडून वेल हळूच खाली घ्यावा. घाई केली तर तो पेरात मोडतो. बुडाभोवती दोन-तीन इंच खोल चर काढून त्यात रिकामा दांडा वळवून ठेवावा. चर काढताना पोफळीची मुळे तोडू नयेत. माती व कुजलेले शेणखत टाकावे, आणि वरचा पालेदार शेंडा बुडापासून पुन्हा आधाराला बांधावा.

जिथे पाणी साचते, किंवा जिथे पूर्वी मर येऊन वेल गेले आहेत, तिथे दांडा पुरण्याच्या फंदात पडू नये. तिथे सुरीची रीत बरी. बुडापासून तीन-चार पेरे ठेवून, धारदार आणि स्वच्छ चाकूने, उघडीप बघून शेंडा कापावा. फुटलेल्या कोंबांतले दोन-तीन जोरदार ठेवावेत. कापलेला शेंडा फेकू नये. तीन पेरांचे तुकडे करून पिशवीत लावावेत. चढत्या वेलाचे हे छाट लवकर फळफांद्या देतात. म्हणजे जे कापले तेही गेले नाही.

पुढे वेलाची उंची पंधरा ते वीस फुटांवर रोखावी. त्यावरचे शेंडे आणि लोंबत्या फांद्या काढाव्यात. पोफळ तीस-चाळीस फूट जाईल, तिला जाऊ द्या. मिरीने तिच्यामागे धावू नये.

वाळलेल्या जमिनीत, कडक उन्हात किंवा आजारी वेलावर यातले काही करू नये. आणि सगळ्या वाडीवर एकाच वर्षी कात्री चालवू नये. पंचवीस वेल असतील तर आधी पाच वेल उतरवा. दोन वर्षांनी उतरवलेले आणि न उतरवलेले शेजारी-शेजारी बघा. तुमचे डोळेच तुम्हाला सांगतील.

आज जगात सर्वांत जास्त मिरी व्हिएतनाम पिकवतो. वेल आपल्या घाटातला, गिऱ्हाईक आजही जगभराचे. एकरी उत्पन्नात मात्र आपण मागे पडलो, कारण आपला वेल जुना, सावलीत कोंडलेला आणि शिडीच्याही वर गेलेला आहे. नवे वेल लावणाऱ्याच्या हाती अजून संधी आहे, पण ती वेलाच्या पहिल्या दोन वर्षांपुरतीच. सहा फूट दांडा एकदा लाकूड झाला की त्यावर पुन्हा फळफांदी आणणे कोणाच्याच हाती नाही.

तेव्हा येत्या आर्द्रात एकदा वाडीत जा. कोवळ्या वेलापाशी उभे राहा, आणि शेंड्याकडे न बघता बुडाकडे बघा. तिथली पेरे रिकामी दिसली तर हात धजू द्या.